करवत नाही आणि करता येत नाही

सातारा,
रविवार दुपार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेतीनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. वाचून होईपर्यंत दुसरा कप झाला. डावी पोटरी तीन आठवडे फडफडतेय, अभ्यासिकेचा जिना चढवत नाही, पेन धरलं की अंगठा थरथरतो, आणि सगळ्यात शेवटी ते नाव: एएलएस, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात तो आजार. फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो काकू, हो काकू" म्हणशील आणि ठेवल्या ठेवल्या पुन्हा शोधत बसशील. म्हणून पत्र.

मी डॉक्टर नाही हे तुला माहीत आहे. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी केली. रोगाचं निदान माझ्याकडे नव्हतं, माझ्याकडे होती ताकद मोजणं. शून्य ते पाच अशी आमची पट्टी असते. मी जोर लावूनही पेशंटचा पाय हटत नाही, त्याला पाच. स्वतःच्या वजनापुरता उचलतो पण माझ्या हाताचा दाब जराही सोसत नाही, त्याला तीन. काहीच हलत नाही, त्याला शून्य. इतकी वर्षं हे मोजल्यावर माणूस काय शब्द वापरतो याकडे कान लागतात.

तू लिहिलंस "जिना चढवत नाही". "चढता येत नाही" असं लिहिलं नाहीस. आपल्या मराठीत हे दोन वेगळे प्रयोग आहेत आणि दवाखान्यात ते फार उपयोगी पडतात. चढवत नाही म्हणजे अंगात त्राण नाही, जीव नको म्हणतो. झोप नाही, ताप येऊन गेला, हिमोग्लोबिन कमी आहे, मन खचलंय, अशा कशानेही चढवत नाही. चढता येत नाही म्हणजे मनात आहे, उठायचंय, पण मांडी उचलतच नाही. अर्थात लोक बोलताना दोन्हीची सरमिसळ करतात आणि त्यावर "अशक्तपणा" नावाचं एकच पांघरूण घालतात. म्हणून मी प्रत्येकाला विचारायचे, काय करायला गेलात आणि झालं नाही?

तुला तेच विचारते. तिसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत तू रोज पोहोचतोस ना? मग उद्या सकाळी एकदाच, पोट भरल्यावर, दहा पावलं टाचांवर चाल, दहा पावलं चवड्यांवर. जमिनीवर मांडी घालून बस आणि हात न टेकता ऊठ. जमलं तर जमलं. नाही जमलं तर काय जमलं नाही ते लिहून ठेव. पण एकदाच. दिवसाला चाळीस वेळा पाय तपासशील तर पाय दुखणारच, आणि त्या दुखण्यालाही तू लक्षण समजशील. दोन पोटऱ्यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक भरतो म्हणालास. टेप दोन बोटं वरखाली सरकली तरी तेवढा फरक येतो, आणि बहुतेकांचे दोन पाय तंतोतंत सारखे नसतातच.

आता फडफड. आजी म्हणायची, पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ. म्हणजे लवणारा डोळा घरोघरी होता, त्याला कोणी रोग म्हटलं नाही. पोटरीचंही तेच. जागरण, चहा, काळजी, दमलेला स्नायू, यातलं काहीही पुरतं, आणि तुझ्याकडे तर चारही आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशी नुसती फडफड असलेल्या, पण तपासणीत ताकद शाबूत असलेल्या 121 जणांकडे अनेक वर्षं लक्ष ठेवलं आणि 1993 मध्ये ते छापलं. एकालाही एएलएस झाला नव्हता. त्या आजारात ताकद जाते, स्नायू वाळतो आणि त्याच्या जोडीने फडफड असते. मी पाहिलेल्या पेशंटांपैकी कितीतरी जणांना आपला दंड फडफडतोय याचा पत्ताही नव्हता. ते यायचे कारण कुलपात किल्ली फिरत नव्हती.

एएलएस झालेल्या शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं उदाहरण दिलंस. खरं आहे, 1963 मध्ये त्यांचं निदान झालं तेव्हा ते 21 वर्षांचे होते. पण ते 2018 पर्यंत जगले, म्हणजे वयानेही आणि आयुष्यानेही ते अपवादच. हा आजार बहुतेकांना पन्नाशी-साठीनंतर गाठतो आणि युरोप-अमेरिकेत वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो.

हे सगळं वाचून तू दवाखान्यात जायचं टाळावंस असं मात्र मला अजिबात वाटत नाही. एक जुनी गोष्ट सांगते, मला भूषणावह नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भाजी विकणारी एक बाई आली. कागदावर लिहिलं होतं, अशक्तपणा. मी तीन आठवडे तिच्याकडून व्यायाम करून घेतले. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "बाई, चप्पल पायातून निसटती." आणि हसत हसत, "पोलक्याची हुकं सून लावून देती." मी हसले. चौथ्या आठवड्यात आमच्या वरिष्ठांनी तिला दोनच प्रश्न विचारले: चप्पल निसटते ते कळतं का, आणि हुकं कधीपासून लावता येत नाहीत? मग पुढच्या तपासण्या झाल्या. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेला होता. ऑपरेशन झालं, बिघाड तिथे थांबला, पण गेलेलं सगळं परत आलं नाही. ते तीन आठवडे माझ्या खात्यावर आहेत. तिची तक्रार खरी होती, भयंकर नावाची नव्हती, आणि वेळेत ऐकली असती तर फायदा तिचाच होता.

तेव्हा या आठवड्यात एमडी फिजिशियनकडे जा. थेट न्यूरॉलॉजिस्ट नको, गरज वाटली तर तेच पाठवतील. सुरुवात कधी झाली, कुठून झाली, वाढतंय का, काय करता येत नाही, एवढं सांग. आणि "मला एएलएसची भीती वाटते" हेही सांग, लाजू नकोस. ते हातोडीने गुडघे ठोकतील, तळव्यावर रेघ ओढतील, हातपाय दाबून बघतील. ही दहा मिनिटं तुझ्या तीन आठवड्यांच्या शोधाशोधीपेक्षा मोलाची आहेत. रक्तातलं हिमोग्लोबिन, बी12, डी, थायरॉईड, पोटॅशियम आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते) हे बहुधा तपासतील. तू शाकाहारी, त्यात मेसचं पातळ वरण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासात गरोदर बायकांपैकी दोन-तृतीयांश जणींचं बी12 कमी निघालं होतं, तेव्हा तुझं कमी निघालं तर मला नवल वाटणार नाही. पण तपासणीआधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ताकदीचं लाल इंजेक्शन घेऊ नकोस, रिपोर्ट खोटा चांगला येतो. आणि खुर्चीत तासन्‌तास पायावर पाय टाकून बसणं बंद कर. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला चिकटून एक नस जाते, ती दाबली गेली की पाऊल बधिर होतं, क्वचित लुळंही पडतं.

ईएमजीचा, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातली वीज मोजायच्या तपासणीचा, हट्ट धरू नकोस. सुया टोचायच्या की नाही ते तपासल्यावर ठरतं.

थांबायचं नाही असे प्रसंगही आहेत. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय झपाट्याने लुळे पडतात त्या आजाराची, साथ तू जवळून पाहिलीस. पायांतून वर चढत जाणारी कमजोरी, तीही तासांत किंवा दोनचार दिवसांत, श्वास अपुरा पडणं, गिळताना ठसका, पापण्या गळणं, एकाचे दोन दिसणं, पाय लुळे पडून लघवी अडणं, अचानक तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात पडणं. यातलं काहीही झालं तर मला मेसेज करत बसू नकोस, 108 ला फोन कर, मग रात्रीचे तीन का असेनात.

मित्रांना सांगितलं नाहीस म्हणतोस. रूमवरच्या एकाला तरी सांग आणि डॉक्टरकडे त्यालाच सोबत ने. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरचं निम्मंच ऐकू येतं.

रिपोर्ट आले की फोटो पाठव. आणि ती मोजायची टेप आईच्या शिवणाच्या डब्यातून नेलीस ना? ती महिनाभर शोधतेय आणि आळ माझ्यावर घेतेय. पहिल्या एसटीने परत पाठव.

तुझी,
काकू