पोकरच्या कॅश गेमला वीस बिग ब्लाइंड (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी सक्तीनं लावायची मोठी रक्कम) घेऊन बसलो, तर प्रीफ्लॉपला, म्हणजे मधली पहिली तीन पानं (फ्लॉप) उघडायच्या आधी, कसं खेळावं?

कमी घेऊन बसणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे आधी सांगतो. चार दिवाळ्या तेच ऐकतोय.

लातूरला ताईच्या गच्चीवर पाडव्याच्या रात्री आमचा डाव बसतो. चिप्स म्हणून चिंचोके, ब्लाइंड एक-दोन, म्हणजे स्मॉल ब्लाइंड एक आणि बिग ब्लाइंड दोन. सगळे दोनशे घेऊन बसले, मी चाळीस, म्हणजे वीस बिग ब्लाइंड. दाजी म्हणाले, "घरून मोजून दिलेत का काय, पाव्हणं?" त्यांच्यापुढं दोनशे असले तरी माझ्याशी भिडताना त्यांचेही चाळीसच धरायचे, हे त्यांना आजही पटत नाही.

मी बिग ब्लाइंडवर, हातात एक्का-राजा. ताईच्या दिरानं रेझ करून, म्हणजे बोली वाढवून, सहा केले, दाजींनी कॉल दिला, म्हणजे तेवढेच लावले. मी चाळीसचे चाळीस पुढं ढकलले. दिरानं पत्ते टाकले. दाजींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि ३४ चिंचोके मोजून लावले. काय होतं? एक्का-अठ्ठी! "एक्का तर माझ्याकडं बी हाय की." शेवटच्या पानाला अठ्ठी पडली.

मध्ये ५३ होते (माझे ४०, दोघांचे सहा-सहा, स्मॉल ब्लाइंडचा एक), घालायचे ३४, मिळून ८७. म्हणजे शंभरातून ३९ वेळा तरी जिंकायला हवं. एक्का-राजासमोर एक्का-अठ्ठी जिंकते साधारण चारातून एकदा. माझे पत्ते त्यांना दिसत नव्हते, कबूल. पण मी ज्यावर सगळे ढकलतो त्यात अठ्ठीच्या डोक्यावर बसणारेच हात जास्त, आणि हे दाजींना माझ्या लग्नाआधीपासून माहीत आहे.

तर तुमचं. वीसवर नुसता कॉल देऊन फ्लॉप बघायची हौस सोडा. तुमच्या आधी कुणी रेझ केला असेल तर सगळे ढकला नाहीतर पत्ते टाका. पंजीची जोडी घेऊन तिसऱ्या पंजीची वाट बघत बसू नका. ती फ्लॉपला आठ-नऊ वेळांतून एकदा येते आणि तुमच्या मागं तेवढी वसुली होण्याइतका मालच नसतो. सत्ती-अठ्ठी एकाच रंगाची दिसली की मोहात पडू नका, त्याच कारणानं. आधी बोलायची पाळी असेल तर फक्त दश्शीची जोडी आणि वर, एक्का-राणी आणि वर खेळा. बटणावर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागी, बरंच सैल चालतं.

समोरचा राण्यांशिवाय हात न लावणारा असेल तर यातलं अर्धं विसरा. चाळीस बिग ब्लाइंड झाले की हा हिशेबच बदलतो, तेव्हा उठा. आणि ऑनलाइन पैसे लावून खेळायचा विचार असेल तर २०२५ च्या कायद्यानं ते बंद झालंय.

दाजी, वाचत असाल तर ३४ ला ८७ नं भागून बघा. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतो.