डोळ्यांतून पाणी वाहतं, तरी डोळे कोरडे?

कोरड्या डोळ्यांविषयी आलेल्या पत्रांतले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं. वारा लागला की धारच लागते. तपासणीनंतर मात्र ‘डोळे कोरडे आहेत’ असं सांगितलं. निदान चुकलं असेल का?

बहुधा नाही. डोळ्यावर पसरलेला अश्रूंचा थर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. खाली या थराला बुबुळाशी धरून ठेवणारा चिकट पदार्थ, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा अशी त्याची रचना असते. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३० असतात. तेल घट्ट होऊन या ग्रंथींची तोंडं तुंबली की पापुद्रा फाटतो, पाणी भराभर उडून जातं आणि उरलेल्या अश्रूंतलं क्षारांचं प्रमाण वाढतं. हा खारटपणा बुबुळावरच्या नसांना झोंबतो. मग अश्रुग्रंथी घाईघाईने पाणी सोडते. त्या पाण्यात तेल पुरेसं नसतं, म्हणून ते डोळ्यावर टिकण्याऐवजी गालावर ओघळतं. वाऱ्यात धार लागते ती यामुळेच.

मात्र एकाच डोळ्यातून कायम पाणी येत असेल, तर अश्रू नाकात नेणारी नळी तुंबली आहे का, तेही तपासून घ्यायला हवं.

कागदावर नुसतं ‘ड्राय आय’ लिहिलेलं असेल तर पुढच्या भेटीत विचारा: पाणी कमी आहे, तेल कमी आहे, की दोन्ही? पाणी मोजायला शिर्मर चाचणी असते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती ओली झाली ते पाहतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर पाणीच कमी आहे. दुसऱ्या चाचणीत पिवळा रंग घालून, पापणी न मिटता अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते बघतात. १० सेकंदांच्या आत तो फाटत असेल तर थर अस्थिर आहे आणि संशय आधी तेलावर जातो. शिवाय पापणीची कड हलकेच दाबून तेल कसं येतं तेही पाहायला हवं. निरोगी तेल खाद्यतेलासारखं पातळ असतं, बिघडलेलं टूथपेस्टसारखं येतं किंवा येतच नाही. बहुसंख्य रुग्णांत तेलाचा बिघाड थोडाफार असतोच, पण पापणी दाबून पाहिल्याशिवाय तो कळत नाही.

प्रश्न: दिवसातून आठ-दहा वेळा ड्रॉप्स घालतो. अर्धा तास बरं वाटतं. वर्षभरात चार ब्रँड बदलले. आता तर थेंब पडला की चुरचुरतं.

ब्रँड बदलून फारसा उपयोग नाही, बाटलीवरचे घटक वाचा. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नाव दिसलं तर चुरचुरण्याचं एक कारण सापडलं. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं हे द्रव्य साबणासारखं वागतं. तेलाचा पापुद्रा मोडतं आणि वरच्या पेशींना इजा करतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षक नसलेलेच ड्रॉप्स घ्यावेत. ते एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांत किंवा झडप असलेल्या खास बाटलीत मिळतात. कुपी उघडल्यावर पहिला थेंब बाहेर टाकून द्या, कारण तोडताना सुटलेले प्लॅस्टिकचे कण त्यात असू शकतात. उरलेलं किती तास चालेल ते पाकिटावर लिहिलेलं असतं. ‘अजून थोडं आहे’ म्हणून ते दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका.

कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि सोडियम हायलुरोनेट हे पाण्याची उणीव भरून काढणारे घटक. तेल कमी असेल तर तेलकट घटक असलेले ड्रॉप्स जास्त वेळ टिकतात. जेल आणखी टिकतं, पण काही वेळ धूसर दिसतं, म्हणून ते संध्याकाळनंतर बरं. ‘लाली घालवणारे’ ड्रॉप्स मात्र बाजूला ठेवा. नाफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन यांसारखी द्रव्यं रक्तवाहिन्या आकसवतात. असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल होतो आणि पुन्हा बाटलीकडे हात जातो.

थेंब एकच पुरतो. बाटलीतून पडणाऱ्या थेंबातलाही बराचसा भाग डोळ्यात मावत नाही, दुसरा तर सरळ वाहून जातो. खालची पापणी ओढून खिसा करा, त्यात थेंब सोडा आणि मिनिटभर डोळे नुसते मिटून ठेवा. फडफडवू नका. दुसरं औषध ५ ते १० मिनिटांनी घाला, मलम सगळ्यात शेवटी. आणि त्रास सुरू झाल्यावर थेंब घालण्यापेक्षा ठरल्या वेळी, त्रासाच्या आधी घाला. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, फरक मात्र मोठा पडतो.

प्रश्न: गरम शेक महिनाभर केला. काहीच फरक नाही. पद्धत चुकते आहे का?

शक्यता मोठी आहे, कारण शेक हा या आजारातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा उपाय आहे. तुंबलेलं तेल वितळायला पापणीला सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णता सलग काही मिनिटं मिळावी लागते. गरम पाण्यात पिळलेला रुमाल एक-दोन मिनिटांत कोमट होतो. म्हणजे दहा मिनिटांच्या शेकातली आठ मिनिटं पापणीवर फक्त ओला रुमाल असतो!

रुमालच वापरायचा तर तीन-चार रुमाल घड्या घालून गरम पाण्यात ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. त्यापेक्षा मण्यांचा, गरम करता येणारा मास्क सोयीचा, तो आठ-दहा मिनिटं उष्णता धरतो. मायक्रोवेव्हमधून काढल्यावर तो हाताने मळून घ्या, नाहीतर एखाद्या जागी चटका बसतो. मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद गरम वाटला तरच डोळ्यांवर ठेवा. ठेवताना वजन पडू देऊ नका आणि डोळे चोळू नका. उष्णतेने बुबुळ थोडं नरम होतं, वारंवार दाबलं तर त्याचा आकार बिघडू शकतो. ज्यांना केरॅटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार) आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक-मालिश करूच नये.

मास्क काढल्यावर तेल पुन्हा घट्ट व्हायच्या आत मालिश करा. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, कडेच्या दिशेने, बोटाच्या पेराने हलकेच, प्रत्येकी पाच-सहा वेळा. बोटाचा जोर पापणीच्या कडेवर पडावा, डोळ्याच्या गोळ्यावर नाही. मग पापण्यांच्या केसांची मुळं पापण्यांसाठीच्या तयार वाइपने पुसा. बेबी शाम्पू बरीच वर्षं सांगितला गेला, पण तोही तेल धुऊन नेतो आणि काहींना चुरचुरतो. शेवटी थेंब घाला. त्यानंतर काही मिनिटं थोडं धूसर दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

हे सगळं दिवसातून दोनदा, निदान सहा आठवडे करा, मग एकदा. सोडून दिलं की तेल परत तुंबतं. हा दात घासण्यासारखा रोजचा प्रकार आहे.

एवढं करूनही फरक नसेल तर तीन गोष्टी तपासायच्या. केसांच्या मुळाशी गोल, नळीसारखी खपली दिसते का? असेल तर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे आहेत आणि त्यांच्यावर वेगळं औषध लागतं. टी ट्री तेल निव्वळ लावू नका, डोळा भाजतो. दुसरं, रांजणवाडी वारंवार होते का किंवा गाल-नाक लाल राहतात का? मग डॉक्टर डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं देण्याचा विचार करतात. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही. तिसरं, ग्रंथी शिल्लक आहेत का? मायबोग्राफी नावाच्या फोटोत त्या दिसतात. सुकून गेलेली ग्रंथी शेकाने परत येत नाही, उरलेल्या वाचवणं एवढंच हातात असतं. दवाखान्यात यंत्राने उष्णता आणि दाब देऊन तेल काढतात किंवा आयपीएल म्हणजे प्रकाशाचे झोत देतात. दोन्हींनी काहींना चांगला आराम पडतो, पण तो महिन्यांत मोजायचा, आणि उपचार पुन्हा घ्यावा लागू शकतो. गडद त्वचेवर आयपीएलने भाजण्याचा आणि डाग पडण्याचा धोका जास्त, म्हणून अनुभवी हात आणि आधी त्वचेची पारख हवी.

प्रश्न: सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स दिले होते. आग व्हायची आणि फायदा शून्य, म्हणून तीन आठवड्यांनी बंद केले. बरोबर केलं ना?

घाई झाली. कोरडेपणा जुना झाला की डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह ठाण मांडतो. दाहाने अश्रू बिघडतात, बिघडलेल्या अश्रूंनी दाह वाढतो. सायक्लोस्पोरिन हे चक्र मुळाशी रोखतं, पण सावकाश. फरक कळायला साधारण तीन महिने, काहींना सहा महिने लागतात. आग सुरुवातीलाच जास्त असते. दहा-पंधरा मिनिटं आधी परिरक्षकाशिवायचा थेंब घातला तर ती सुसह्य होते. बरेच डॉक्टर पहिले दोन-चार आठवडे सौम्य स्टेरॉइड जोडीला देतात, त्याने आगही कमी होते आणि आरामही लवकर पडतो. फक्त ते स्टेरॉइड मनाने पुढे चालू ठेवायचं नाही. डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो आणि दुखत नसल्याने कळतही नाही.

तीन-चार महिने नेमाने घालूनही काही नसेल तर पर्याय आहेत. लिफिटेग्रास्ट ५ टक्के (अमेरिकेत मान्यता २०१६) दाहावरच, वेगळ्या वाटेने काम करतं. त्याने तोंडाला विचित्र चव येते. व्हॅरेनिक्लिनचा फवारा (२०२१) नाकात मारायचा असतो, नाकातल्या नसेमार्फत तो अश्रू वाढवतो. परफ्लुरोहेक्झिलऑक्टेन (२०२३) बाष्पीभवन रोखतं, म्हणून तेलाच्या बिघाडात ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक देशात ही सगळी मिळतातच असं नाही. कोणतंही घ्या, पण एका वेळी एकच बदल करा आणि तारीख लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

प्रश्न: सकाळी डोळे उघडतानाच टोचतं, दिवसभरात कमी होतं. माझ्या सहकाऱ्याचं उलट, त्याला दुपारनंतर त्रास. असं का?

त्रासाची वेळ बरंच सांगून जाते. सकाळचा त्रास म्हणजे झोपेत पापण्या नीट मिटत नसतील किंवा पापण्यांच्या कडांचा दाह असेल. घरातल्या कुणाला तरी रात्री मंद टॉर्चने बघायला सांगा, पांढरी फट दिसते का. पंख्याचा झोत तोंडावर असेल तर दिशा बदला. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लावत असाल तर मास्कच्या वरच्या कडेतून हवा डोळ्यांवर येते का ते पाहा. झोपताना तांदळाच्या दाण्याएवढं मलम पुरतं.

दुपारनंतरचा त्रास बहुतेक पडद्याचा. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवते, पडद्याकडे बघताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येतं, आणि लवते तीही अर्धवट. वीस मिनिटांनी एकदा डोळे सावकाश पूर्ण मिटा, दोन सेकंद थांबा, हलकेच आवळा, उघडा. असं दहा वेळा. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवा. नजर खाली असली की पापणीची फट लहान राहते आणि पाणी कमी उडतं.

प्रश्न: ओमेगा-३ च्या गोळ्या घेऊ का?

डोळ्यांसाठी म्हणून मुद्दाम नको. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रीम’ चाचणीत ५३५ रुग्णांना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ किंवा ऑलिव्ह तेल दिलं. दोन्ही गटांना बरं वाटलं, पण ओमेगा-३ सरस ठरलं नाही.

प्रश्न: डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडतं, सांधे दुखतात. वेगळी तपासणी लागेल का?

हो, आणि लांबवू नका. श्योग्रेन सिंड्रोममध्ये शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते. एसएसए प्रतिपिंडाची रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञांची भेट हवी. सोबत तुमच्या औषधांची यादी दाखवा. ॲलर्जीच्या गोळ्या, काही नैराश्यविरोधी औषधं, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन यांनीही कोरडेपणा येतो.

अशा, पाणीच कमी असलेल्या डोळ्यांना अश्रू वाहून नेणारी छिद्रं बंद करणारे छोटे प्लग उपयोगी पडतात. आधी दाह शमवून घ्यावा, नाहीतर दाहाची द्रव्यंच डोळ्यात साठून राहतात. फारच बिघडलेल्या बुबुळाला स्वतःच्या रक्तापासून केलेले सीरम ड्रॉप्स किंवा स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) यांचा आधार मिळतो.

प्रश्न: डॉक्टर म्हणतात डोळे ‘जवळजवळ ठीक’ आहेत, पण वेदना असह्य आहेत.

बुबुळावर खुणा कमी आणि वेदना जास्त, तेव्हा नसांचंच दुखणं असू शकतं. दवाखान्यात भूल देणारा थेंब घालून बघतात. तरीही वेदना तशीच राहिली तर तिचं मूळ डोळ्याच्या पृष्ठभागापलीकडे असतं आणि औषधं ड्रॉप्सऐवजी नसांच्या वेदनेची लागतात. भुलीचा तो थेंब घरी कधीही वापरू नका, बुबुळाला जखम होते आणि ती भरत नाही.

नजर अचानक कमी झाली, उजेड सहन होईना, एकच डोळा लाल होऊन ठणकू लागला किंवा लेन्स वापरणाऱ्याला बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर तो कोरडेपणा समजू नका. लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळे दाखवा.

प्रश्न: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. कोरडेपणाचा अडथळा येईल का?

येऊ शकतो. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर बुबुळाच्या वक्रतेवरून काढतात आणि अश्रूंचा थर फाटका असेल तर ते मोजमाप चुकतं. दोन वेगळ्या दिवशीची मापं जुळत नसतील तर आधी काही आठवडे कोरडेपणावर उपचार करून पुन्हा मोजायला सांगा. मोजणीच्या दिवशी जेल किंवा मलम घालून जाऊ नका.