‘कल्ट’ला पंथ म्हणावं का?

विचारणा अशी आहे: चित्रपट-अभ्यासावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना ‘कल्ट फिल्म’ला, म्हणजे वेड्या चाहत्यांनी पुन्हापुन्हा पाहून जिवंत ठेवलेल्या चित्रपटाला, ‘पंथपट’ म्हटलं तर चालेल का, आणि त्याच्या प्रेक्षकांना ‘भक्त’?

‘पंथपट’ मला पटत नाही. पंथ म्हणजे वाट. नाथपंथ, महानुभाव पंथ म्हटलं की त्या वाटेवरून आधी कुणीतरी गेलेलं असतं. ‘संप्रदाय’ही तसाच, गुरूने शिष्याच्या हाती दिलेला. कल्ट चित्रपटाला असा गुरू नसतो. काढणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना प्रेक्षक त्याला कल्ट करतात.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ साली आला आणि पडला. १९७६च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि तीच तीच माणसं पुन्हा येऊ लागली, पात्रांसारखे कपडे घालून, पडद्याला मोठ्याने उत्तरं देत. पडद्यावर लग्न लागलं की प्रेक्षक तांदूळ उधळतात, आपल्या अक्षताच म्हणा ना! पाऊस आला की नायिकेसारखं वर्तमानपत्र डोक्यावर धरतात. आणि शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला सर्वांत आवडावी अशी गोष्ट म्हणजे, जेवणाच्या टेबलावर एक पात्र प्याला उंचावून ‘टोस्ट’ म्हणतं, तेव्हा खुर्च्यांतून भाजलेले पाव उडतात. हा श्लेष पटकथेत नाही, प्रेक्षकांनी काढलेला आहे.

मूळ शब्दाकडेही बघा. ‘कल्ट’ लॅटिन ‘कोलेरे’वरून आला. त्याचे अर्थ नांगरणं, मशागत करणं, जोपासणं, आणि मग पूजा करणं. ‘कल्चर’ त्याचाच भाऊ. म्हणजे पूजेच्या आधी राबणं आहे, पुन्हापुन्हा त्याच जमिनीकडे जाणं आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यातल्या परीक्षणात ‘कल्ट’ छापलेलं दिसलं की मला खटकतं. पेरणीच्या दिवशी पीक कसं मोजायचं?

‘भक्त’ तर नकोच. ‘भक्तपट’ म्हटलं की प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ आठवेल, आणि नुसत्या ‘भक्त’ला आता राजकारणाचा रंग चढलाय.

खरं तर आपल्याकडे शब्द आहे, रोज तोंडात असलेला: पारायण. ‘त्या सिनेमाची आम्ही पारायणं केलीत’ हे वाक्य कुणी शिकवावं लागत नाही. पार आणि अयन, म्हणजे पलीकडच्या टोकापर्यंत जाणं. गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण असतं, ते संपतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसतं. शेवट ठाऊक असूनही वाचायचं, हाच त्याचा गाभा. कुणी म्हणेल, पारायण एकट्याचं आणि कल्ट समूहाचा. पण सप्ताहात ज्ञानेश्वरीचं सामुदायिक पारायण होतं, शेकडो माणसं एका सुरात.

इटालियन लेखक उंबेर्तो एकोने ‘कासाब्लांका’ या हॉलिवूडच्या चित्रपटावर लिहिताना म्हटलं होतं की असा चित्रपट तुकड्यातुकड्यांनी सुटा होऊन लोकांच्या तोंडी बसला पाहिजे. आपल्याकडे दारावर टकटक करून ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ विचारलं, तर आतून कुणीही ‘कोण माने?’ म्हणत नाही, हसू येतं. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ची. ती आधी आपटलेली नव्हती, चांगली चालली होती. तेव्हा ‘आधी पडलेला’ ही अट व्याख्येत घालू नका.

माझी सूचना: चित्रपटासाठी ‘कल्ट’च ठेवा, मराठी वाचकाला तो कळतो. प्रेक्षकांसाठी मात्र वारकरी, टाळकरी यांच्या चालीवर ‘पारायणकरी’ वापरून पाहा. मी वाक्य असं लिहीन: ‘कल्ट चित्रपट दिग्दर्शकाच्या हातून सुटतो आणि पारायणकऱ्यांच्या ताब्यात जातो, अभ्यास करायचा तो या दुसऱ्या घराचा.’