स्पॉन्सरशिप देणारी फर्म शोधण्याआधी देश नीट निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.आर्क., म्हणजे वास्तुकलेची पदवी, झालीय, चार वर्षांचा अनुभव आहे, वर्षभर परदेशातल्या फर्मना पोर्टफोलिओ पाठवताय. बहुतेकांचं उत्तरच येत नाही, आणि ज्यांचं येतं ते ‘आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही’ एवढं एक वाक्य लिहून मोकळे होतात. तर स्पॉन्सर करणाऱ्या फर्म सापडतात कुठे, की आधी मास्टर्सच करावं? मी जर्मनीत एका मध्यम आकाराच्या ऑफिसात काम करतो, म्हणून जर्मनीबद्दल जरा जास्तच लिहीन. बाकी देशांचं लिहितोय ते तिथे गेलेल्या वर्गमित्रांबरोबर कागदपत्रं चाळताना कळलेलं.

पहिली गोष्ट. ‘नाही’ म्हणणाऱ्या फर्मला तुमचं काम आवडलं नाही असं समजू नका. आर्किटेक्टची ऑफिसं बहुतांशी लहान असतात. वेगळा एचआर विभाग नसतो, पगारपत्रक बाहेरचा अकाउंटंट बघतो आणि मालक स्वतः रात्री अर्ज वाचतो. अशा माणसाला तुमच्यासाठी किती फॉर्म, किती पैसे आणि किती जबाबदारी अंगावर घ्यावी लागते, त्यावर उत्तर ठरतं. आणि हे ओझं प्रत्येक देशात वेगळं आहे. म्हणून मी फर्मची यादी देत नाही, देश कसा निवडायचा ते सांगतो.

ब्रिटनमध्ये ओझं भारी आहे. तिथे फर्मकडे आधीपासून स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस नोकरीला घ्यायचा सरकारी परवाना, असावं लागतं; ते नसेल तर तुम्ही कितीही हुशार असा, तिला तुम्हाला घेता येत नाही. लायसन्स असलेल्या सगळ्या संस्थांची यादी तिथलं सरकार आपल्या संकेतस्थळावर फुकट देतं. ती उतरवून घ्या आणि जिथे अर्ज करायचाय ते नाव आधी तिच्यात शोधा. निम्मे ईमेल पाठवायचे श्रम तिथेच वाचतील. लायसन्सशिवाय दरवर्षीचा इमिग्रेशन स्किल्स चार्ज आहेच: डिसेंबर २०२५पासून लहान संस्थेला वर्षाला ४८० पाउंड, मोठीला १,३२०. वर पगाराची अट. २२ जुलै २०२५पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी ४१,७०० पाउंड किंवा त्या पेशासाठी ठरवलेला दर, यांतला जो जास्त असेल तो द्यावा लागतो. ज्युनिअर माणसाला इतका पगार बरीच ऑफिसं देत नाहीत. मात्र इथे एक फट आहे आणि ती खुद्द फर्मनाही अनेकदा ठाऊक नसते. तुम्ही एआरबीच्या, म्हणजे तिथल्या आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या, नोंदणीच्या दिशेने काम करत असाल तर ‘न्यू एन्ट्रंट’ म्हणून ही मर्यादा ३३,४०० पाउंडांपर्यंत उतरू शकते. ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षं. कव्हरिंग लेटरमध्ये दोन ओळींत हे लिहा. मालकाला स्वतः नियम शोधायला लावू नका. इंग्रजीची पातळी जानेवारी २०२६पासून बी२ (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली चौथी) झाली आहे, तुम्हाला ती जड जाऊ नये.

नेदरलँड्सचा ढाचा साधारण असाच आहे, म्हणजे मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची जाहीर यादी आणि पगाराची पायरी, फक्त ती पायरी वयावर आहे. २०२६ साली तिशीच्या आतल्याला महिन्याला ४,३५७ युरो, तिशी ओलांडलेल्याला ५,९४२. डच आर्किटेक्चर ऑफिसांच्या पगाराच्या मानाने दुसरा आकडा फार वर आहे. तुम्ही एकोणतिशीच्या आसपास असाल तर तो देश आत्ताच बघा, पुढच्या वर्षावर टाकू नका.

आता जर्मनी. इथे स्पॉन्सर लायसन्स हा प्रकारच नाही. कुठलंही चालू ऑफिस तुम्हाला नोकरी देऊ शकतं. त्याने करार आणि नोकरीचं वर्णन असलेला एक फॉर्म भरून द्यायचा, बाकी धावपळ तुमची. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या युरोपीय निवास-परवान्यासाठी, २०२६ची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे, पण आर्किटेक्ट टंचाईच्या पेशांत येतात आणि त्यांच्यासाठी ती ४५,९३४ आहे. त्याहून थोडा कमी पगार मिळाला तरी दार बंद होत नाही. निवास कायद्याच्या १८बी कलमाखाली पदवीधर कुशल कामगार म्हणून व्हिसा मिळतो. तिथे ठरावीक आकडा नाही (पंचेचाळिशी ओलांडून पहिल्यांदा येणाऱ्यांना आहे). स्थानिक माणसाला त्याच कामाचा जो पगार मिळतो तेवढा मिळतोय का, हे रोजगार संस्था तपासते. मालकाला घाई असेल तर तो ४११ युरो भरून प्रक्रिया लवकर करून घेऊ शकतो. हे सगळं एका पानावर, जर्मनमध्ये लिहून अर्जाला जोडा. अमुक अमुक कागद तुम्ही द्यायचे, बाकी मी करतो. ‘परदेशी माणूस म्हणजे कटकट’ ही भीती त्या पानाने बरीच कमी होते.

पदवीचं बघा. अनाबिन नावाच्या, परदेशी पदव्यांच्या जर्मन डेटाबेसमध्ये तुमचं विद्यापीठ आणि पदवी आहे का ते आजच तपासा. विद्यापीठापुढे एच-प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) असेल आणि पदवी समतुल्य दाखवली असेल तर तेवढी प्रिंट पुरते. नसेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या झेडएबी कार्यालयाकडून तुलनापत्र मागवावं लागतं. फी साधारण दोनशे युरो, वेळ लागतो, म्हणून ऑफर येईपर्यंत थांबू नका. आणखी एक गोंधळ टाळा. इथे ‘आर्किटेक्ट’ ही कायद्याने संरक्षित उपाधी आहे. ज्या राज्यात राहता तिथल्या आर्किटेक्टांच्या चेंबरमध्ये नाव नोंदवल्याशिवाय ती लावता येत नाही, आणि नोंदणीसाठी सहसा दोन वर्षांचं काम लागतं. पण ऑफिसात नोकर म्हणून नकाशे करायला चेंबरची गरज नाही. करारात पदाचं नाव काय लिहायचं हे मालकाशी आधी बोलून घ्या, म्हणजे वकिलातीतला अधिकारी परवाना मागत बसणार नाही.

मग ऑफिस कुठलं? ज्यांचे फोटो मासिकांत येतात त्यांच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे जगभरातले अर्ज येऊन पडतात, इंग्रजीत काम चालतं म्हणून आणखी पडतात, आणि नवशिक्यांना इंटर्नच्या भावात राबवायची सवय तिथे जुनी आहे. वीस ते साठ माणसांचं, शाळा, दवाखाने, घरबांधणी करणारं, दुय्यम शहरातलं ऑफिस शोधा. शोधायची एक पद्धत इथे चांगली चालते. जर्मनीत सार्वजनिक इमारतींची बरीच कामं स्पर्धांतून दिली जातात आणि निकाल जाहीर होतात. काँपिटिशनलाइन आणि बाउनेट्स या संकेतस्थळांवर रोज दिसतात. एखाद्या चाळीस माणसांच्या ऑफिसला शाळेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं की काही महिन्यांत करार होतो आणि मग वर्किंग ड्रॉइंग (प्रत्यक्ष बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे) काढायला माणसं कमी पडतात. जाहिरात येण्याआधी तुमचा ईमेल पोचला पाहिजे. त्यात त्या निकालाचा उल्लेख करा आणि तुम्ही याआधी केलेल्या तशाच कामाचं एक पान वर ठेवा. ब्रिटनमध्ये हेच काम बांधकाम परवानगीच्या (प्लॅनिंग परमिशनच्या) जाहीर नोंदी बघून करता येतं.

तुमचा पोर्टफोलिओ मी पाहिला. रेंडर (संगणकावरची इमारतीची चित्रं) सुंदर आहेत, पण त्यांतले पंधरा काढून टाका. या ऑफिसांत कल्पना सुचवणाऱ्यांचा तुटवडा नाही. कल्पना असलेले स्थानिक विद्यार्थी भरपूर आहेत. तुटवडा आहे तो पाचव्या टप्प्याच्या माणसांचा. एचओएआय या फी-नियमावलीत प्रकल्पाचे नऊ टप्पे आहेत, पाचवा वर्किंग ड्रॉइंगचा, आठवा साइटवरच्या देखरेखीचा. जाहिरातींत नुसतं ‘एलपी ५’, म्हणजे पाचवा टप्पा, लिहिलेलं असतं; सीव्हीत प्रत्येक प्रकल्पापुढे कोणते टप्पे केले ते याच भाषेत लिहा.

माझ्या मुलाखतीत पोर्टफोलिओ पाच मिनिटांत मिटवला गेला. मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवून सांगितलं, गच्चीवर उघडणाऱ्या दाराच्या उंबरठ्याचा सेक्शन काढ. वॉटरप्रूफिंग तयार फरशीच्या किती वर न्यायचं? नियम १५ सेंटिमीटरचा, आणि दारासमोर जाळीचा निचरा दिला तर ५ पर्यंत कमी करता येतो. मला आकडा माहीत नव्हता, पण पाणी कुठून आत शिरेल, इन्सुलेशनचा थर कुठे तुटेल आणि व्हीलचेअर कशी जाईल हे मी काढत काढत बोलत गेलो. त्यांना तेच बघायचं होतं. म्हणून पोर्टफोलिओत खिडकीचा, पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा), जिन्याचा एकेक खरा डिटेल टाका, १:१० किंवा १:२० मध्ये, आणि शेजारी त्याच जागेचा बांधून झाल्यावरचा फोटो. सगळं मिळून दहा एमबीच्या आत एकच पीडीएफ.

सॉफ्टवेअर: ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात रेव्हिट येणं जवळपास गृहीत असतं. जर्मनीत आर्किकॅड, व्हेक्टरवर्क्स आणि ऑलप्लॅन अजून जोरात आहेत. तिन्ही म्युनिकच्या नेमेचेक समूहाचीच. एक नीट येत असलं की दुसरं शिकवायला ऑफिसं तयार असतात.

भाषेवर मात्र पळवाट सांगणार नाही. बी१ हातात असेल तर मुलाखत मिळते, बी२ असेल तर नोकरी टिकते. गवंडी, सुतार, महापालिकेचा अधिकारी यांच्याशी फोनवर बोलता येईना तर तुम्ही कायम मॉडेल आणि लेआउटवरच अडकाल. शिवाय ब्लू कार्डवर कायम निवास बी१ असल्यास २१ महिन्यांत मिळतो, नुसत्या ए१वर २७.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मालकाच्या मागे न लागता थेट कायम निवासासाठी अर्ज करायचा रस्ता आहे, आणि मी तुमच्या जागी असतो तर जर्मनचा अभ्यास चालू ठेवून तोही समांतर तपासला असता. कॅनडात मार्च २०२५पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायम निवासाच्या गुणांवर चालणाऱ्या योजनेत, जॉब ऑफरचे जादा गुण बंद झाले, त्यामुळे केवळ गुणांसाठी ऑफर शोधण्यात अर्थ उरला नाही. तिथे एक खड्डा आहे: मुख्य पेशा आर्किटेक्ट दाखवलात तर पदवीचं मूल्यमापन सीएसीबी या आर्किटेक्चरच्या पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडूनच लागतं, सगळे जिथून करतात त्या डब्ल्यूईएसचं चालत नाही. ऑस्ट्रेलियात हे काम एएसीए करते.

अमेरिका, तिथे न शिकता, या घडीला विसरा. एच-१बीची सोडत आहेच, त्यात सप्टेंबर २०२५पासून देशाबाहेरच्या माणसासाठी नव्या अर्जाला १,००,००० डॉलरचा भुर्दंड. कुठलं आर्किटेक्चर ऑफिस भरणार?

आखातात उलट. तिथे व्हिसा मालकानेच काढायचा ही रीतच आहे, वेगळी विनवणी लागत नाही. पदवीचं अटेस्टेशन (खरेपणाचं सरकारी प्रमाणीकरण) आधी करून ठेवा. सौदीला जायचं तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणीही लागते. युएईत भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कायद्याने मालकाचा आहे आणि पासपोर्ट ठेवून घ्यायचा त्याला अधिकार नाही. पैसे साठवायला आणि मोठ्या साइटचा अनुभव घ्यायला ठीक, पण नोकरी गेली की मुक्कामही संपत येतो हे धरून चला.

एक सावधगिरी सगळीकडची. ‘स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट मिळवून देतो, इतके लाख लागतील’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथेच थांबा. ब्रिटनमध्ये स्किल्स चार्ज आणि लायसन्सची फी नोकराकडून वसूल करायला बंदी आहे. जो मागतो तो एक तर खोटा आहे किंवा पुढे तुम्हाला पिळणार आहे.

राहिलं मास्टर्स. चार वर्षांच्या अनुभवावर जर्मनीत थेट नोकरी शक्य आहे, त्यामुळे केवळ व्हिसासाठी दोन वर्षं घालवू नका. मधला मार्ग म्हणजे जून २०२४पासून सुरू झालेलं संधीकार्ड, चान्सेनकार्टे. वर्षभर इथे राहून नोकरी शोधायची, आठवड्याला २० तास काम करायचं, ऑफिसात दोन आठवडे चाचणी म्हणून बसायचं. समोरासमोर भेटलेल्या माणसाला इथे पटकन घेतात. पदवी पूर्ण समतुल्य मानली गेली नसेल तर त्यासाठी गुण लागतात, आणि वर्षभराच्या खर्चाचे पैसे खात्यात दाखवावे लागतातच. पण तुम्हाला लाकडी बांधकाम किंवा जुन्या इमारतींचं नूतनीकरण असं काही खास शिकायचंच असेल तर मास्टर्स जरूर करा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आणि म्युनिकच्या टीयूएम या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,०००. अभ्यासक्रम बहुतेक जर्मनमधूनच असतात, म्हणजे भाषा तशीही सुटत नाही.

आणि सध्याच्या ऑफिसकडून अनुभवाचं पत्र राजीनामा द्यायच्या आधी मागा: प्रकल्पाचं नाव, क्षेत्रफळ, कोणते टप्पे, कोणतं सॉफ्टवेअर, साइटवर काय केलं. ‘कामसू व प्रामाणिक’ एवढ्यावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही. मसुदा तुम्हीच लिहून न्या, मालक सही करतील.