बायको रात्री ड्युटीवरून एकटी येते, तिला पेपर स्प्रे द्यावा की रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढून द्यावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की मिसेस रात्री साडेनऊला सुटतात, होटगी रोडवरनं जुळे सोलापूरपर्यंत स्कूटीवर एकट्या येतात आणि गेल्या महिन्यात दोनदा कुणीतरी गाडी मागं लावली. मग आता साधा स्प्रे पुरेल का थेट रिव्हॉल्व्हर. मी मिसेसच्या साईडनं उत्तर देते. लॅब टेक्निशियन आहे, सोलापुरातच, दुपारची ड्युटी असली की मला पण पावणेदहा होतात सुटायला. सहा-सात वर्षं झाली पर्समध्ये स्प्रे आहे, खरा वापर एकदाच झालाय. आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात पण तुमच्यासारखंच बंदुकीचं शिरलं होतं, त्यामुळं या विषयावर आमच्या घरात भरपूर भांडून झालेलं आहे.

आधी बंदुकीचं सांगते. तुम्ही म्हणताय "काढून देऊ", पण तसं काढून देता येत नाही ओ. ते काय गॅस कनेक्शन नाही की नाव नवऱ्याचं आणि वापर घरातल्या सगळ्यांचा. लायसन्स ज्याच्या नावावर, शस्त्र त्यानंच बाळगायचं. तुमच्या नावावर घेतलं आणि तिच्या पर्समध्ये टाकलं तर ती विनापरवाना हत्यार बाळगणारी ठरते, आर्म्स ॲक्टचं (शस्त्र कायद्याचं) कलम २५, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षं शिक्षा आहे. म्हणजे अर्ज तिचा, वय २१ पूर्ण पाहिजे, तब्येतीचं सर्टिफिकेट तिचं (शरीराचं पण आणि मानसिक पण), शस्त्र हाताळायचं ट्रेनिंग तिनं घ्यायचं, पोलीस चौकशी तिची आणि माझ्या जिवाला धोका आहे हे साहेबांसमोर तिनंच पटवून द्यायचं. सोलापूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात, मोहोळ बार्शीकडं असाल तर कलेक्टर ऑफिसला. "रात्री घरी यायला उशीर होतो" एवढं कारण तिथं फार वजनाचं धरत नाहीत. एवढं सगळं तिला करायचंय का हे विचारलंत का? तुमच्या पूर्ण प्रश्नात ती काय म्हणते हे एका ओळीत पण नाही म्हणून विचारलं, राग मानू नका.

आमच्याकडं तेच झालं. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं २०१४ ला खास बायकांसाठी म्हणून "निर्भीक" नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, वजन साधारण अर्धा किलो, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. ह्यांनी कुठंतरी ती जुनी बातमी वाचली आणि रात्री जेवताना मोबाईल माझ्या ताटासमोर धरला, बघ किती हलकं आहे म्हणे. अर्धा किलो म्हणजे माझा जेवणाचा डबा, भाजीसकट. मी विचारलं, सकाळपासून साठ-सत्तर लोकांचं रक्त काढते, तेव्हा हे कुठं ठेवू, रक्त फिरवायच्या मशीनच्या, सेंट्रीफ्यूजच्या शेजारी का? लॉकरला साधं कुलूप आहे, त्याची दुसरी चावी मावशींकडं असते. आणि घरात आमचा तेव्हा सात वर्षांचा होता, कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यातला बिस्किटाचा पुडा खुर्चीवर स्टूल ठेवून हुडकणारा. मग बंदूक घरी कुलपात ठेवायची म्हणलं तर ती रस्त्यावर माझ्या काय कामाची, आणि सोबत घेऊन फिरायचं म्हणलं तर होल्स्टरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या कव्हरमध्ये, झाकून. माझा रस्त्यावरचा अवतार म्हणजे ड्रेस, त्यावर सनकोट, तोंडाला स्टोल, हातात ग्लोव्ह्ज, वर हेल्मेट. यातनं ते बाहेर काढेपर्यंत समोरचा सात रस्ता चौकात चहा पिऊन येईल.

ह्यांचे मामा मिलिटरीतनं रिटायर, बँकेत गार्ड होते, त्यांच्याकडं बारा बोअरची बंदूक होती. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "पोरी, ती सांभाळायलाच एक माणूस लागतो." इलेक्शनची आचारसंहिता लागली की त्यांना नोटीस यायची, बंदूक ठाण्यात जमा, नंतर परत आणायला हेलपाटे. आपल्याकडं लोकसभा झाली की विधानसभा, मग झेडपी, मग महापालिका, त्यामुळं मामांची बंदूक कधी घरी आणि कधी ठाण्यात हे मामींनाच जास्त माहीत असायचं.

आणि मेन मुद्दा. तुमच्या मिसेसच्या बाबतीत आत्तापर्यंत झालंय ते एवढंच की गाडी मागं आली. त्याच्यावर रिव्हॉल्व्हर काढणार? १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आहे त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत, हक्क आहे, पण जेवढी गरज तेवढीच इजा करायची. जीव जायची वेळ, बलात्कार, पळवून न्यायचा प्रयत्न, ॲसिड, असल्या प्रसंगात समोरचा मेला तरी कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. पण दोन पोरं गाडी मागं लावून शिट्ट्या मारत होती हे त्यात बसत नाही. आणि गोळी सुटली की सुटली, चुकली तर पुढच्या टपरीवर कोण बसलंय तिला काय माहीत. आता राहिलं कुणीतरी "गावठी कट्टा मिळतो की" म्हणणारं. असलं कुणी भेटलं तर त्याच्याशी बोलणंच बंद करा.

आता स्प्रे. यासाठी लायसन्स लागत नाही, मेडिकलमध्ये किंवा ऑनलाईन तीन-चारशेच्या आसपास मिळतो. आत मिरचीचा तेलकट अर्क असतो, डोळ्यात गेला की डोळे आपोआप मिटतात, खोकला, नाक वाहणं, पाऊण तासापर्यंत माणूस हैराण. पण लोक काय करतात, घेतात आणि पर्सच्या तळाशी टाकतात, कंगवा, पावत्या, सेफ्टी पिना, त्याच्या खाली स्प्रे. मी पण पहिलं वर्षभर तेच केलं. मग एका रविवारी हे म्हणले एकदा उडवून तर बघू. गच्चीवर गेलो, पाण्याच्या टाकीला जुना पेपर चिकटवला, आठ फुटांवर उभी राहिले आणि पहिलं म्हणजे ते लॉकच उघडेना. अंगठ्यानं वरची पट्टी फिरवायची असते, ग्लोव्ह्जमध्ये ती घसरते. दोन-तीन वेळा केल्यावर जमलं. दाबलं तर धार पेपरवर बरोबर बसली, पण वारं उलटं होतं आणि हे टाकीच्या शेजारी उभे राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. व्हिडिओत शेवटची दहा सेकंद नुसतं आभाळ आणि खोकला आहे. जिन्यातनं खाली येताना शेजारच्या काकू विचारतायत, आज मिरची कांडून आणली का ओ.

पण त्या अर्ध्या तासात जे कळलं ते बाटलीवरच्या कागदात नव्हतं. अंतर सहा ते दहा फूट, त्यापेक्षा लांब काही उपयोग नाही. एका सेकंदाची झटकी मारायची, सगळी बाटली रिकामी करायची नाही. समोरच्याच्या डोळ्यांच्या रेषेत धरायचं. फवाऱ्यापेक्षा धार किंवा जेलवाला घेतला तर वाऱ्यात कमी उडतो. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, गार पाण्याखाली धरायचं आणि चेहऱ्याला साबण लावायचा, नुसत्या पाण्यानं तेलकट अर्क निघत नाही. ह्यांनी चोळलं होतं.

बंद जागेत तर हात पण लावायचा नाही. १३ फेब्रुवारी २०१४ ला वेगळ्या तेलंगणा राज्याच्या बिलावरनं लोकसभेत विजयवाड्याचे खासदार राजगोपाल यांनी पेपर स्प्रे मारला होता बघा, एवढं मोठं सभागृह, तरी खासदार खोकत बाहेर पळाले आणि काहींना हॉस्पिटलला न्यावं लागलं. तर आपली लिफ्ट किंवा रिक्षा काय, मारणारी पण त्यातच अडकते.

माझ्यावर वेळ आली ती २०२२ ला, पावसाळ्यात. सुटायला दहा वाजलेले, आमच्या गल्लीच्या अलीकडं लाईट नव्हती, बाईकवाल्यानं आडवी गाडी घातली, उतरला आणि माझ्या स्कूटीचं हँडल धरलं. काहीतरी बोलत होता, काय ते मला आजपर्यंत आठवत नाही. स्प्रे तेव्हा पर्समध्ये नव्हता, हँडलखालच्या हुकला अडकवलेल्या डब्याच्या पिशवीच्या बंदाला वेल्क्रोनं लावलेला होता, गच्चीच्या प्रकारानंतर मी तसंच करायचे. अंगठा आपोआप गेला. एकदाच दाबलं. हेल्मेटच्या आत बसलं त्याच्या, तो ओरडला आणि हँडल सुटलं, मला पण ठसका बसला, डोळ्यातनं पाणी, स्कूटी तिथंच आडवी पडली, चावी तशीच, आणि मी मागं मेडिकलपर्यंत पळाले. पळत होते तेव्हा एका हातात चप्पल होती, ती कधी काढली देव जाणे. मेडिकलवाल्या दादांनी ११२ ला फोन लावला. पोलीस आले तोपर्यंत तो गाडी घेऊन गेला होता, सापडला नाही. पण स्कूटी जाग्यावर होती आणि मी पण. यात पाच सेकंद पण गेले नसतील, म्हणून सांगते की काय घेताय यापेक्षा ते हातापासून किती लांब आहे ते बघा.

आमच्या सासूबाई म्हणतात कशाला चारशे रुपये घालवता, पुडीत मिरची पूड ठेव. नका ठेवू. पुडी उघडायला दोन्ही हात लागतात आणि वारं असेल तर ती पहिली आपल्याच डोळ्यात.

आपल्या सोलापूरसाठी एक वेगळं सांगते. ही प्रेशरची बाटली असते, एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ ला जातो, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याच्यावर जातं, बाटली गळते नाहीतर फुटते. माझ्या मैत्रिणीची डिकीत गळली, आठवडाभर ती गाडी उघडली की शिंकत होती. डिकीत ठेवू नका. एक्स्पायरी असते, दोन-तीन वर्षं, तारीख बघून घ्या. विमानात नेता येत नाही. पोराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची, हे बंदुकीला लागू तेच याला पण. आणि पार्किंगच्या भांडणात, शेजाऱ्याच्या वादात मारायचा नाही, २०२४ ला कर्नाटक हायकोर्टानं अशाच एका वादातली केस रद्द करायला नकार दिला आणि पेपर स्प्रेला धोकादायक हत्यार म्हणलं. तिथं जिवाला धोका नव्हता हे कोर्टाचं म्हणणं. दारू पिऊन तर्र असलेल्यावर लगेच असर होईलच असं पण नाही, म्हणून मारायचं आणि पळायचं, उभं राहून बघत बसायचं नाही.

ते गाडी मागं लावणारे दोघं, त्याची नोंद केलीत का ठाण्यात? नंबर अर्धा जरी आठवत असला तरी करा. मिसेसना म्हणावं, गाडी मागं आली तर घराकडं वळायचंच नाही, आसरा चौकात किंवा जिथं मेडिकल, हॉटेल चालू असेल तिथं जाऊन थांबायचं, घर दाखवायचं नाही. आमच्यात तीन मैत्रिणींचं लोकेशन एकमेकींना चालू असतं, नवऱ्यांना नाही, कारण नवरे झोपतात.

आणि स्प्रे दोन घ्या, एक सरावाला. मागच्या महिन्यात माझ्या बाटलीची तारीख संपली, तर नवी घेतली आणि जुनी गच्चीवर जाऊन मोकळी केली. ह्यांना विचारलं येताय का, तर म्हणले मी जिन्यातनंच बघतो.