दाराबाहेर कोण उभे होते

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पॉलिअॅमरीवरील, म्हणजे सर्वांच्या संमतीने एकाच वेळी अनेकांशी ठेवलेल्या प्रेमसंबंधांवरील, तुझ्या प्रबंधाचा आराखडा मी दोनदा वाचला. बहुपत्नीत्वापासून या संबंधांचे वेगळेपण, म्हणजे सर्वांना असलेली माहिती, सर्वांची संमती आणि स्त्री-पुरुषांना सारखीच असलेली मोकळीक, तू नेमके मांडले आहेस. मात्र कृष्णवर्णीय लोक हे संबंध उघड करायला कचरतात, असे लिहून तू त्याचे सारे कारण चर्चच्या पगड्यात शोधतेस. तो पगडा खरा आहे, परंतु तेवढ्यावर थांबलीस तर त्या मौनाचा मोठा भाग तुला ऐकूच येणार नाही, याची मला काळजी वाटते.

१९९० च्या सुमारास रुळू लागलेल्या ‘पॉलिअॅमरी’ या शब्दापासून आरंभ करू नकोस. अलाबामातील डॅलस कौंटीपासून कर. तेथे चार मुलांची आई असलेल्या श्रीमती सिल्व्हेस्टर स्मिथ या कृष्णवर्णीय विधवा पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत स्वयंपाकीण आणि वेट्रेस म्हणून राबून आठवड्याला १६ ते २० डॉलर मिळवत होत्या. मुलांसाठी मिळणारी सरकारी मदत १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, कारण एक गृहस्थ शनिवार-रविवारी त्यांच्या घरी येत असे. त्याला स्वतःची पत्नी आणि नऊ मुले होती, तरी राज्याच्या नियमाने तो स्मिथबाईंच्या मुलांचा ‘पर्यायी पिता’, म्हणजे बापाच्या जागी असलेला पुरुष, ठरला. संबंध संपल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आईवर होती आणि त्यासाठी किमान दोन माहीतगारांची साक्ष लागे. पोलीस, पाद्री, शेजारी, इतकेच काय, किराणा दुकानदारही त्यासाठी चालत असे. बाईच्या घरी रात्री कोण येते हे दुकानदाराने सांगायचे आणि त्यावर मुलांचे जेवण ठरायचे! या नियमाच्या पहिल्या अडीच वर्षांत मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १६,००० ने घटली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा नियम रद्द केला.

स्मिथबाईंना पॉलिअॅमरस म्हणू नकोस, कारण त्या गृहस्थाच्या पत्नीची संमती होती असे मानायला आपल्याकडे आधार नाही. परंतु ज्या घरांनी अशी चौकशी सोसली, त्या घरांतील आजीने नातीला ‘आपल्याकडे कोण येते ते बाहेर सांगायचे नाही’ असे बजावले असेल, तर त्या वाक्याला लाज म्हणण्यापूर्वी तू दहादा विचार करावास.

याची मुळे आणखी खोल आहेत. गुलामगिरीत या लोकांच्या विवाहांना कायदेशीर मान्यता नव्हती. जोडीदार विकला गेल्यावर दुसरा संसार मांडलेल्या कित्येकांना १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर पहिला जोडीदार पुन्हा भेटला, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांना दोहोंतून एकाची निवड करायला लावली. पुढे शंभर वर्षांनी मॉयनिहान अहवाल या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबाची घडणच रोगट ठरवली. म्हणून २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील समरव्हिलने दोनांहून अधिक व्यक्तींच्या सहजीवनाला मान्यता दिली, ही आनंदाची बातमी लिहिताना सरकारदरबारी नाव नोंदवण्याची धास्ती कोणाला अधिक वाटेल, हेही लिही.

गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या पॉलिअॅमरीच्या मेळाव्यांत कृष्णवर्णीय व्यक्तीकडे माणूस म्हणून न पाहता कामवासनेची वस्तू म्हणून पाहिले जाते, अशी तक्रार तुला वारंवार ऐकू येईल. ‘ब्लॅक अँड पॉली’सारखे कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र गट त्यातूनच महत्त्वाचे ठरले, तेव्हा त्यांना फुटीर म्हणण्याचा मोह टाळ. मुरळी आणि तमाशातील कलावतींच्या देहावर जातीने कसा शिक्का मारला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. मात्र ही तुलना एका परिच्छेदापलीकडे ताणू नकोस, कारण दोन्ही इतिहासांचे दुःख वेगळे आहे.

आता प्रश्नावलीविषयी. तुझे पहिले सात प्रश्न शय्येविषयी आहेत, ते मागे ने. भाडे कोण भरते, आजारपणात रुग्णालयात कोण थांबते, मुलाला शाळेतून कोण आणते, हे आधी विचार. मानववंशशास्त्रज्ञ कॅरल स्टॅक यांनी एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीत राहून १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रक्ताच्या आणि मानलेल्या नात्यांनी मुले, पैसा आणि स्वयंपाक कसा वाटून घेतला हे दाखवले आहे; तुझ्या उत्तरदात्यांना हा वारसा आपला वाटतो का, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे. आणि केवळ नावे बदलून भागणार नाही. लहान गावात तिघांचे एकच घर असते आणि शेजारी ते लगेच ओळखतात, म्हणून गाव, व्यवसाय आणि मुलांची वये हे तपशीलही झाक. मुलांच्या ताब्याचा खटला चालू असेल, तर ती मुलाखत अजिबात छापू नकोस, मग ती कितीही मोलाची असो.

सुधारलेली प्रश्नावली पाठव. पहिल्या मुलाखतीला निघण्यापूर्वी मला ती वाचायची आहे.

तुझी,
बाई