संभाजीनगरात शहरभर लोकसंगीत महोत्सव करायचाय, जागा कोणत्या घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की मित्रमंडळी मिळून दोन दिवसांचा नवा महोत्सव करायलेत, एका मैदानात नाही तर जुन्या शहरात ठिकठिकाणी, म्हणून जागा विचारल्या. मी म्हणतो जागा नंतर बघू, आधी वेळ ठरवा. वासुदेवाला संध्याकाळी 7 ला स्टेजवर उभं केलं की फॅन्सी ड्रेसच वाटतो राव. तोच माणूस मोरपिसांची टोपी घालून पहाटे गुलमंडीमागच्या गल्ल्यांतून चिपळ्या वाजवत गेला तर लोक झोपेतून उठून दारात येतील.

गोंधळाचं तर विचारूच नका. मागं एका कार्यक्रमात (नाव नको) आमच्या ओळखीच्या गोंधळ्यांना 15 मिनिटं दिली होती. आता चौक भरायचा (म्हणजे धान्यानं देवीची मांडणी करायची), मग तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, एकेकाला गोंधळाला बोलवायचं, आख्यान तर त्याच्याही पुढं. इकडं देव कुठं जमायलेत तोवर निवेदक घड्याळ दाखवायला लागला. वरून जाळाला परवानगी नाही म्हणून दिवटीच्या जागी हातात बॅटरीची मशाल दिली, संबळवाले काका माझ्याकडं बघून नुसते हसले. तर गोंधळ रात्रीच ठेवा आणि एखाद्या जुन्या वाड्यात, दार लावून, कारण रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकरच काय वाद्यंही चालत नाहीत. माइक लागतच नाही, संबळ चार घरं ओलांडून ऐकू जातो.

भीमगीतं भडकल गेटलाच. दरवाजा मलिक अंबरनं 1612 ला बांधलेला, शेजारी बाबासाहेबांचा पुतळा, 14 एप्रिलला तिथं पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे ऐकणारी माणसं तुम्हाला शोधावी लागणार नाहीत. भारूड पैठण गेटला व्हावं असं मला लई वाटतं, संत एकनाथ पैठणचेच आणि त्यांनी गोंधळी, वासुदेव, जोशी ह्यांचीच सोंगं घेऊन भारुडं रचली, पण संध्याकाळी तिथं गाड्यांच्या हॉर्नपुढं कोण टिकणार, सकाळी दुकानं उघडायच्या आत उरका. जात्यावरच्या ओव्या कुठल्यातरी ओसरीवर, खरं जातं ठेवून, समोर वीस-पंचवीस बायामाणसं बसतील एवढंच.

बीबी का मकबरा सगळ्यांनाच पाहिजे असतो, फोटोसाठी. तो पुरातत्व खात्याकडं आहे, परवानगीच्या मागं लागलात तर बाकीचं सगळं राहून जाईल. सोडून द्या.

हलगीवाले बोलावणार असाल तर शेकायला जाळ करायची जागा आधीच दाखवून ठेवा, थंडीत कातडं सैल पडलं की हलगी बोलत नाही. आणि बिदागी त्याच रात्री हातात, चेक नाही, ऑनलाइन पुढच्या आठवड्यात नाही. खेड्यातून येणाऱ्यांचं जीपभाडं त्यात धरू नका, ते वेगळं द्या.